गणपूर्तीअभावी तहकूब दरोडा

वसाहतीत चोऱ्या वाढल्या पाहिजेत, हा ठराव अमृतकुंभ सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एकमतानं मंजूर झाला, तेव्हा निम्मे सभासद झोपेत होते. उरलेल्यांना आपण झोपेत आहोत असं वाटत होतं. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी बीड शहरात दुपारच्या वेळी या दोन अवस्थांमध्ये फारसा फरक उरला नव्हता. ऊन असं असायचं की समोरचा डांबरी रस्ता हलायला लागायचा. त्यावरून येणारा माणूस आधी पाण्यातून चालत आल्यासारखा दिसायचा, मग हवेतून, आणि जवळ आला की तो लाइटबिल वाटणारा निघायचा.

ठराव मांडला होता संस्थेचे सेक्रेटरी राधाकिशनराव यांनी. हे आजही कुणाला खरं वाटत नाही. राधाकिशनराव सहकारी दूध संघात कारकून. दुष्काळामुळं संघात दूध येणं बंद झालं होतं, पण संघ बंद झाला नव्हता. सहकारात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसतो. ते रोज वेळेवर जायचे, मस्टरवर सही करायचे, रिकाम्या कॅनच्या रांगांमधून एक फेरी मारायचे आणि दुपारी घरी येऊन आडवे व्हायचे. उभ्या जन्मात त्यांनी कुणाची काडी उचलली नव्हती. एकदा रस्त्यात सापडलेली छत्री, मालक मिळेना म्हणून, त्यांनी तीन पावसाळे न उघडता सांभाळली होती. त्या तिन्ही पावसाळ्यांत पाऊस पडला नव्हता हे खरं, पण त्यामुळं प्रामाणिकपणाला बाध येत नाही.

असा माणूस गुन्हेगारीकडं वळला तो लेकीपायी.

कांचन एकुलती एक, दिंद्रुडला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच व्हायला पाहिजे. सातव्या महिन्यात लेक आणायची, कारण आठवा लागला की तिनं वेस ओलांडायची नाही, असं दोन्ही घरचं मानणं होतं. सातवा निम्मा सरला आणि कांचनच्या सासूबाईंचा, मुक्ताबाईंचा फोन आला.

"पाठवायला आमची ना न्हाई, व्याही," मुक्ताबाई म्हणाल्या. "पर तुमच्याकडं टँकर म्हणं पंधरवड्यानं येतो. बाळाला न्हाऊ कशानं घालणार? आमच्या बोअरला अजून करंगळीएवढी धार हाय. राहू द्या पोरीला हितंच."

ती करंगळी राधाकिशनरावांना दिवसभर डोळ्यांसमोर नाचताना दिसली. रुक्मिणीबाई नवऱ्याला काहीच बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी कोनाड्यातला तांब्या उचलला, आत पाहिलं, परत ठेवला.

"लेक दारात आली तर तिच्यावरून ओवाळून टाकायला तांब्याभर पाणी न्हाई घरात," त्या तांब्यालाच म्हणाल्या. "अन् आमी बाळंतपण करणार."

त्यात खोटं काही नव्हतं. वसाहतीत दर घरापुढं एक निळं पिंप होतं आणि पिंपाला कुलूप होतं. घराला कुलूप लावायची कुणाला आठवण राहत नसे.

त्याच आठवड्यात संघातून परत येताना राधाकिशनराव रस्ता चुकले. उन्हात असं होई. पाय आपापल्या मतानं चालत. भानावर आले तेव्हा ते ओढ्यापलीकडच्या वस्तीत उभे होते. ही वस्ती अशी बदनाम की तिचं नाव ऐकलं की रिक्षावाले आधी आपला खिसा चाचपत. तिथं जे दिसलं तो त्यांना उन्हाचाच चकवा वाटला. माणसं आंघोळ करत होती. उघड्यावर, दिवसाढवळ्या, साबण लावून. एक बाई पायरी धूत होती. एक म्हैस ओली होती.

वस्तीच्या मधोमध पोलिस चौकी होती आणि चौकीला लागून सिमेंटचा मोठा हौद. हौदाच्या काठावर त्रिंबक जमादार पाय सोडून बसले होते.

"चौकी म्हंजी अत्यावश्यक सेवा," जमादारांनी समजावलं. "तिला रोज टँकर. आमी हितं दोघं. दोघं माणसं किती पिणार? उरलेलं वस्ती नेती."

"मग आमच्या कॉलनीला चौकी मिळाली तर?"

"मिळंल की. पर चौकीला गुन्हे लागतात, सेक्रेटरी." नापास पोराच्या बापाशी मास्तर बोलतात तसा जमादारांचा आवाज झाला. "तुमच्या कॉलनीचं रेकॉर्ड मी बघितलंय. लई वंगाळ. मारामारी न्हाई, चोरी न्हाई, साधी सायकल गेलेली न्हाई. या वस्तीनं मेहनत घेतलीय. तुमी काय केलंय?"

राधाकिशनराव मान खाली घालून घरी आले. इतक्या वर्षांच्या सज्जनपणाचा असा हिशेब त्यांना कुणी दाखवला नव्हता.

सभा संस्थेच्या सभागृहात भरली. सभागृह म्हणजे चार खांब; स्लॅब निधी आल्यावर पडणार होता. सभासद खांबांच्या सावल्यांत ओळीनं बसत आणि सूर्य सरकेल तशी सभा सरकत जाई. ती सुरू झाली पूर्वेला आणि निर्णय झाला तेव्हा ती आप्पाराव गुरुजींच्या अंगणात पोचली होती.

अध्यक्ष भगवानराव. गावाकडं जमीन, अंगात खादी आणि मागं एक अपूर्ण इच्छा: आपल्याला पोलिसांचा बॉडीगार्ड मिळावा. जिवाला धोका आहे असं ते दर निवडणुकीला सरकारला कळवत. धोका कुणाकडून, हे मात्र सांगता येत नसल्यामुळं ते काम अडलं होतं.

"सहकारात एकट्यादुकट्यानं काही करायचं नसतं," भगवानराव म्हणाले. "गुन्हा बी सहकारी तत्त्वावर झाला पायजे. दर घराची पाळी. चोरलेला माल सेक्रेटरीकडं जमा. चौकी आली की ज्याचं त्याला परत."

"पोटनियमात बसतं का पण?" आप्पाराव गुरुजींनी विचारलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजींनी वर्गाच्या जागी पोटनियम धरले होते. मग स्वतःच म्हणाले, "बसतं. 'सभासदांच्या सामायिक हिताची इतर कामे.' घ्या मंजूर."

चोरी दुपारी करायची ठरली. रात्री सगळी वसाहत गच्चीवर झोपे आणि चांदण्यात कुणी कूस बदलली तरी साऱ्यांना कळे. दुपारी मात्र दारं उघडी टाकून लोक असे झोपत, की अख्खी वसाहत उचलून परळीला नेऊन ठेवली असती तर संध्याकाळी चहाच्या वेळी तिथल्या वीज केंद्राची राख उडताना बघूनच कळलं असतं.

पहिली पाळी राधाकिशनरावांची आणि घर छबुबाईंचं. छबुबाई शेजारच्याच, एकट्या राहणाऱ्या, वयानं मोठ्या, तोंडानं त्याहून मोठ्या. पितळी घागर न्यायची असं ठरलं होतं. राधाकिशनरावांनी रिवाजाप्रमाणं तोंडाला पांढरी दस्ती बांधली. पण त्या उन्हाळ्यात बीडमध्ये ज्यानं तोंडाला दस्ती बांधली नाही तोच संशयास्पद दिसायचा, त्यामुळं वेषांतराचा परिणाम शून्य.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी. चोर."

"ये बाबा, राधाकिशन. चपला सावलीत काढ, तापतील." छबुबाई उठून बसल्या. "घागर? घागर कावून नेतूस? मला लागती ती. ह्यो मिक्सर ने, चार सालापास्नं बंद हाय. अन् ती तीन पायाची बाज बी ने. उगं एक फेरी कशाला वाया घालवायची?"

बाज जड होती. दुसऱ्या बाजूनं छबुबाईंनी हात लावला.

संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या चौकीत फिर्याद. जमादारांनी विचारलं, "चोर कसा व्हता?"

"लई गुणाचा," छबुबाई म्हणाल्या. "जाताना दार लोटून गेला, मांजर यील म्हणून."

सेक्रेटरी या नात्यानं राधाकिशनराव शेजारीच उभे होते. त्यांना आधी बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली.

छबुबाईंच्या मिक्सरची बातमी फुटली आणि गुन्हेगारीनं जोर धरला. लोक चोराची वाट पाहू लागले. पाळी उद्याची असली तरी आजच माल बाहेर काढून ठेवत. सायकलीचा सांगाडा, चाक नसलेलं शिलाई मशीन, गवत गळालेला कूलर, प्रचाराचा भोंगा, सगळं राधाकिशनरावांच्या पुढच्या खोलीत येऊन पडलं. सहकाराची अशी गती वसाहतीनं कधी पाहिली नव्हती. रुक्मिणीबाई त्या ढिगाऱ्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जात.

"कांचनची खाट कुठं टाकायची?" त्यांनी एकदा विचारलं.

"चौकी येऊ दे," राधाकिशनराव म्हणाले. डोळे मिटले की त्यांना रिकामे कॅन दिसत, पण आता ते काठोकाठ भरलेले असत आणि प्रत्येकात एक चंद्र हलत असे. झोप हे त्या वर्षी पाणी मिळण्याचं एकमेव खात्रीचं ठिकाण होतं.

घोळ झाला भगवानरावांच्या पाळीला. चोर होता पिठाच्या गिरणीवाला बंकट. भगवानरावांच्या घरात मोडकं काही नव्हतं आणि धडधाकट वस्तू न्यायची बंकटला भीड वाटली. त्यानं अंगणातला खराटा नेला.

भगवानराव थेट सेक्रेटरीच्या दारात. "आमच्या घरी चोरी व्हायची अन् ती खराट्याची? त्या छबीच्या घरची बाज जाती, अन् अध्यक्षाचा खराटा? पाहुण्यारावळ्यांत तोंड कसं दाखवू? दरोडा पायजे. काय मोठा पायजे असं न्हाई, पर दरोडाच पायजे."

राधाकिशनराव जमादारांकडं गेले आणि सहज म्हणून विचारलं, दरोडा कशाला म्हणतात?

"पाच माणसं असली तर दरोडा," जमादार म्हणाले. "चार असली तर निसती जबरी चोरी. कावून इचारता?"

"काही नाही. सामान्य ज्ञान."

दुसऱ्या दिवशी दुपारी दरोडा ठरला. भगवानरावांच्या ओसरीपुढं लिंबाचं मोठं झाड, त्याखाली दरोडेखोर जमायचे. राधाकिशनराव आले, आप्पाराव गुरुजी आले, बंकट आला. बंकटनं मेहुण्याला आणलं होतं. तो सभासद नसल्यानं गुरुजींनी हरकत घेतली आणि 'निमंत्रित' म्हणून तो मोजायचा असं ठरलं. पाचवा सभासद तात्याबा. त्याचा पत्ता नाही. तो मांजरसुंब्याला गेला होता. तिथल्या ढाब्यावर जेवणाबरोबर पाण्याचा अख्खा जग ठेवतात असं त्यानं ऐकलं होतं आणि त्या दिवशी सकाळपासून तो तिथं जेवत होता.

"मग मी होतो की पाचवा," भगवानराव आतून पानसुपारीचं ताट घेऊन येत म्हणाले.

"चालणार नाही," गुरुजी म्हणाले. "स्वतःच्याच घरावरचा दरोडा. ज्या विषयात सभासदाचे हितसंबंध आहेत, त्यात त्याला भाग घेता येत नाही."

वर लिंबाचं पान हलत नव्हतं.

"मग पोटनियमात सरळ आहे," गुरुजींनी मार्ग काढला. "गणपूर्ती नसेल तर अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं त्याच जागी, तेच काम. मग गणपूर्तीची आवश्यकता नाही."

अमृतकुंभ संस्थेच्या आजवरच्या सगळ्या सभा अशाच झाल्या होत्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दरोडा अर्धा तास तहकूब झाला आणि दरोडेखोर ओसरीवर टेकले. भगवानरावांनी उशा आणून दिल्या. फरशी गार होती. कुठंतरी होला पक्षी घुमत होता, थांबत होता, पुन्हा घुमत होता. बंकटचा मेहुणा निमंत्रित असूनही पहिल्यांदा घोरायला लागला.

राधाकिशनरावांच्या स्वप्नात दूध संघाच्या गेटातून टँकरांची रांग आली. प्रत्येक टँकरवर कांचन बसली होती, लहानपणची, दोन वेण्यांची. ती वरून ओरडत होती, "आण्णा, कॅन धरा!" ते कॅन धरत होते, पण कॅनवर लोकांनी कुलपं लावली होती.

"सेक्रेटरी. ओ सेक्रेटरी. हे काय चाललंय?"

समोर खाकी रंग होता. स्वप्नात तो टँकरच्या रंगात मिसळला. राधाकिशनरावांना आयुष्यभर विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची सवय. झोपेतही ती सुटली नाही.

"दरोडा," ते म्हणाले. "गणपूर्तीअभावी तहकूब हाय."

त्रिंबक जमादारांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. ते चौकीच्या जागेची पाहणी करायला आले होते. फिर्यादी एवढ्या साठल्या होत्या की साहेबांनी मनावर घेतलं होतं आणि पाहणी झाली की चौकी पक्की होती. म्हणजे वसाहत आणि पाणी यांच्यामध्ये फक्त ती एक डुलकी आली.

माल कुठं ठेवलाय, याचंही खरं उत्तर झोपेतच देऊन झालं होतं; राधाकिशनराव पुरते जागे झाले तेव्हा ते पुढं चालत होते, मागून जमादार, आणि त्यांच्याही मागं सगळी वसाहत. पुढच्या खोलीचं दार उघडलं. जमादारांनी ढीग पाहिला. मिक्सर, बाज, भोंगा, वर खराटा.

"संस्थेचा याच्याशी काही संबंध न्हाई," भगवानराव घाईनं म्हणाले. "सेक्रेटरींनी हे वैयक्तिक पातळीवर केलेलं हाय."

गुरुजी चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिले. पोटनियमात याला काही नव्हतं.

जमादारांनी राधाकिशनरावांना बाजूला, ओसरीच्या कोपऱ्यात घेतलं. माणूस बरा होता आणि चौकीतल्या पत्र्याखाली शिजून कंटाळलेला होता. त्यांनी ओसरीवरची सावली एकदा निरखून पाहिली.

"हे बघा. चौकीचं आता इसरा. आता दोन रस्ते हायत. एक, तुमी म्हणा ही गंमत व्हती. ज्याचं त्याला देऊन टाका, मी तंबी देतो, अन् कॉलनी पुन्हा सज्जन. तुमची इज्जत ऱ्हाती."

"अन् दुसरा?"

"दुसरा, तुमी म्हणा मी चोर हाय. मग ह्यो झाला मुद्देमाल. ठाण्यातली खोली जप्तीच्या पाणीउपशाच्या मोटारींनी भरलीय, पाय ठेवाया जागा न्हाई. म्हंजी सील हितंच. सीलवर पहारा. पहाऱ्यावर मी." जमादार खाकरले. "अन् ड्यूटीवरच्या माणसाला सरकार एक गोष्ट रोज दारात आणून देतं."

"पगार?"

"पाणी."

राधाकिशनरावांनी आत पाहिलं. दारात रुक्मिणीबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कोनाड्यात तांब्या होता. राधाकिशनरावांना ती न उघडलेली छत्री आठवली. वेळेवरच्या साऱ्या सह्या आठवल्या. मग कांचन टँकरवरून ओरडली.

ते अंगणात आले. "मी चोर हाय," ते मोठ्यानं म्हणाले. आवाज चांगला लागला नाही म्हणून पुन्हा म्हणाले.

"व्हय रं बाबा! तोंड बघ चोराचं!" छबुबाई पदर खोचून पुढं आल्या. "जमादार, काय बी ऐकू नका. देवमाणूस हाय. मिक्सर म्या माझ्या हातानं दिलाय. बाजंला तर म्या हात लावलाय!"

"छबुबाई, तुमी गप बसा. मी चोर हाय."

"न्हाईस तू!"

"हाय!"

हा वाद बराच वेळ चालला. आपण चोर आहोत हे पटवून द्यायला माणसाकडं आधीची काही पुण्याई लागते, आणि राधाकिशनरावांकडं काहीच नव्हती. अखेर रुक्मिणीबाई आल्या आणि छबुबाईंच्या कानाला लागल्या. कांचन, सातवा महिना, टँकर एवढेच शब्द बाहेर ऐकू आले. छबुबाईंचा चेहरा पालटला. त्यांनी राधाकिशनरावांकडं बोट केलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा टाहो फोडला.

"चोर हाय ओ ह्यो! पक्का चोर हाय! माझा खलबत्ता धा वर्सांपास्नं याच्याच घरात हाय!"

"तो उसना आणलता!" रुक्मिणीबाई न राहवून म्हणाल्या.

पण तोवर जमादारांनी लिहून घेतलं होतं.

पुढच्या खोलीला लाखेचं सील लागलं. जमादारांनी ओसरीवर खुर्ची टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक टँकर वसाहतीत शिरला, न चुकता, न विचारता, राधाकिशनरावांच्या दारासमोर थांबला. पिंपं भरली, टाकी भरली, शेजारच्यांच्या घागरी भरल्या. आरोपीनं दिवसातून दोनदा हजेरी द्यायची होती. तो घरातून ओसरीवर येई, हजर म्हणे आणि आत जाई. दूध संघातल्या मस्टरसारखंच होतं, फक्त इथं दिवसाकाठी काहीतरी मिळत होतं.

आठवा लागायच्या आदल्या दिवशी जीप आली. आरोपीला एकट्यानं फाटकापलीकडं जायची मनाई असल्यामुळं लेकीला उतरवून घ्यायला राधाकिशनराव पुढं आणि जमादार मागं, असे दोघं गेले. जमादारांनी कांचनची बॅग घेतली. मुक्ताबाई जीपमधून उतरल्या, व्याह्यांकडं पाहिलं, मग व्याह्यांच्या मागं चालणाऱ्या वर्दीकडं पाहिलं, आणि आपोआप डोक्यावरचा पदर सावरला.

"अगं बया," त्या विहीणबाईंना म्हणाल्या, "व्याह्यांला बॉडीगार्ड मिळाला? बोलला न्हाईत."

"त्यांना सांगायची सवय न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

हे समोरच्या गच्चीवरून भगवानरावांनी ऐकलं.

कांचन उंबऱ्याशी थांबली. रुक्मिणीबाईंनी भाकरतुकडा आणि तांब्या आणला. तांब्या भरलेला होता. त्यांनी तो लेकीवरून सावकाश ओवाळला, जरा जास्तच सावकाश, आणि सगळं पाणी बाजूला मातीत फेकून दिलं. गल्लीतले सगळे बघत उभे होते. ओल्या मातीचा डाग आधी काळा दिसला, मग तपकिरी, मग कडेनं आत आत येत गेला, आणि तो पूर्ण मिटेपर्यंत माणसं देवळात उभी राहावीत तशी उभी होती.

दुपारी सगळं निजलं. जमादार खुर्चीत, टोपी तोंडावर. आरोपी शेजारी, जमिनीवर. आतून मोरीत कुणीतरी तांब्यानं पाणी घेत होतं; कांचन असावी. एक तांब्या, मग जरा थांबून दुसरा. घाई नव्हती.

फाटक वाजलं. भगवानराव आले होते, खादीची इस्त्री मोडलेली. मागं गुरुजी, बंकट आणि बंकटचा मेहुणा.

"जमादार," भगवानराव दबक्या आवाजात म्हणाले, "खरं सांगायचं तर त्या दरोड्यात मी बी व्हतो. उशा मीच आणून दिल्या. माझं बी नाव घाला. म्हंजी पाच होतात बघा, गणपूर्ती होती."

जमादारांनी टोपी हलवली नाही. डोळे मिटूनच राधाकिशनरावांनी उत्तर दिलं, सेक्रेटरीच्या आवाजात.

"आता गरज न्हाई, भगवानराव. अर्धा तास कवाच होऊन गेला."

आत तिसरा तांब्या ओतल्याचा आवाज आला, आणि ते कुशीवर वळले.